पंप चांगला आहे

मी कपडे धुण्याची मशीन बोलतेय. पण गंमत अशी, की गेल्या आठ वर्षांत मी साधा रुमालसुद्धा धुतलेला नाही. मला रोज सकाळी बिघडवायचे आणि दिवसभरात दुरुस्त करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बिघडणं हीच माझी नोकरी. आज त्या नोकरीचा शेवटचा दिवस आहे, म्हणून म्हटलं, चार शब्द बोलून घ्यावेत.

माझा जन्म एका लांबच लांब पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आम्ही चाळीसजणी एकीमागे एक सरकत होतो. एका बाईंनी माझ्या दाराला रबर बसवलं, दार दोनदा आपटून पाहिलं आणि पुढे ढकललं. आठवडाभरात मी एका घरी पोहोचले.

घर पाच माणसांचं. आई, वडील, दोन मुलं आणि एक आत्या. या माणसांशी माझी ओळख झाली ती त्यांच्या खिशांमधून. वडिलांच्या खिशात हमखास एखादा स्क्रू असायचा, कारण सुट्टीच्या दिवशी ते घरातलं काहीतरी उघडायचे आणि परत जोडताना एक स्क्रू उरायचाच. थोरल्या मुलाच्या खिशात एकदा चार घड्यांची चिठ्ठी होती. माझ्या पोटात तिचा लगदा झाला आणि पोरगा दोन दिवस जेवला नाही. चिठ्ठीत काय होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. पण माणसं अशी का वागतात, ते बघत बसायची खोड मला तेव्हापासून लागली.

नऊ वर्षांनी नवी मशीन आली. माझी रवानगी मागच्या बाल्कनीत झाली. माझ्या डोक्यावर आधी कांदे-बटाट्यांची टोपली आली, मग एक कुंडी. ज्या आत्याबाई माझ्याशिवाय एक दिवस काढू शकत नव्हत्या, त्या कुंडीला पाणी घालताना ते माझ्या बटणांवर सांडायच्या आणि "जाऊ दे, ते काय, बंदच आहे," म्हणायच्या. आदल्या वर्षापर्यंत मी 'ती' होते. आता 'ते' झाले होते.

तिथून मला सरांनी आणलं.

सर म्हणजे पन्नाशी उलटलेले मेकॅनिक. तीस वर्षं लोकांच्या घरोघरी जाऊन दुरुस्त्या केलेल्या. आता एका जुन्या गोदामात तरुण मुलामुलींना घरगुती यंत्रांची दुरुस्ती शिकवायचे. सहा महिन्यांचा वर्ग. येणारे बहुतेक कुठे ना कुठे अडलेले. कुणाची शाळा मध्येच सुटलेली, कुणी तीन नोकऱ्यांमधून काढलेलं, कुणी घरातलं आजारपण काढता काढता पंचविशीला पोहोचलेलं.

सर रोज अर्धा तास आधी यायचे. माझी पाठ उघडून विचारायचे, "आज तुला काय होऊ दे?" कधी पट्टा ढिला करायचे. कधी दाराच्या कुलपाची वायर काढून ठेवायचे. कधी पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपात बाटलीचं झाकण घालायचे. मग मुलं यायची आणि मला झालेलं काय ते शोधायची.

मला त्यांची बोटं बघायला आवडायची. काहीजण पहिला स्क्रू घट्ट निघाला की लगेच सरांकडे बघायचे. काहीजण बिघाड सापडल्यावरही हात मागे घ्यायचे, जणू आपल्याला बरोबर उत्तर आलंच कसं याची त्यांना भीती वाटायची. बिघाडापेक्षा बरोबर उत्तराला घाबरणारी माणसं मी इथेच पाहिली.

सरांमध्ये एकच खोट होती. ते कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत. मनाने फार चांगले, पण मदतीची भारी घाई. "सर, ते बटण दाबलं की..." "की आवाज येतो पण फिरत नाही, बरोबर?" समोरचा मान डोलवायचा, मग त्याला तेच म्हणायचं असो वा नसो.

अशा या वर्गात एक दिवस दोघी बहिणी आल्या.

"ही माझी धाकटी," मोठी म्हणाली. "बारावी झालीय. हिला शिकायचंय."

"नाव काय गं तुझं?" सरांनी धाकटीला विचारलं.

नाव मोठीने सांगितलं.

"याआधी काही काम केलंस?"

"दोन ठिकाणी केलं," मोठीच म्हणाली. "एका दुकानात काउंटरवर, पण तिथे बोलावं लागायचं. मग एका ऑफिसात, तिथे फोन घ्यावा लागायचा. तिला बोलायला जरा त्रास होतो सर. म्हणून म्हटलं, मशीनशी काय बोलायचं असतं? हे काम बरं."

 धाकटी माझ्याकडे बघत होती. माझं दार उघडून तिने आत हात घातला आणि ड्रम हळूच फिरवला. तो कुठे खरखरतो, ते कान देऊन ऐकलं. मोठी तिच्या वतीने बोलत होती तोवर तिने माझा त्या दिवसाचा बिघाड निम्मा शोधला होता.

वर्गात तिचं बोलणं सगळ्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते दुसऱ्या दिवशी. "स-स-स..." एवढं म्हणून ती अडली. तिची मान ताठ झाली, डोळे मिटले. सर तत्परतेने म्हणाले, "स्क्रूड्रायव्हर? हा घे." तिने तो मुकाट्याने घेतला. तिला वायरी जोडायची, सोल्डरिंगची कांडी हवी होती. हे मला माहीत होतं, कारण तिची नजर तिकडेच होती.

वर्गात एक पोरगा होता, त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. तोंडाला खीळ नाही. त्याने आठवड्याभरात धाकटीचं नाव 'मिस्ड कॉल' ठेवलं. वाजतो आणि बंद पडतो म्हणून. सगळे हसले. तीही हसली. पण त्या दिवसापासून तिने वर्गात बोलणं जवळजवळ सोडलं. काही हवं असलं तर बोट दाखवायची नाहीतर कागदावर लिहायची.

मग ती गोष्ट घडली, जी फक्त मला माहीत होती.

दुपारच्या सुट्टीत सगळे बाहेर जेवायला जायचे. धाकटी डबा घेऊन माझ्याशेजारी स्टुलावर बसायची. एक दिवस डबा झाकून तिने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "काय गं बाई, काय होतंय तुला? सकाळपासून थरथरतेयस. डावीकडची स्प्रिंग सुटलीय बहुतेक. थांब, मागून बघते. सरांनी आज अगदी मनापासून वाट लावलीय तुझी."

मला वाटलं, खोलीत दुसरंच कुणी आलं. एक अक्षर अडलं नव्हतं. स्वच्छ, हसरा, थोडा खट्याळ आवाज. मग ती रोजच बोलू लागली. मोठीच्या मुलाच्या खोड्या सांगायची. ऑफिसातल्या त्या फोनबद्दल सांगायची, की घंटी वाजली की ती उठून पाणी प्यायला जायची. माझ्याशी ती कधीच अडली नाही. का, ते मला कळेना. मी तिचं वाक्य पुरं करत नव्हते म्हणून? की मी उत्तराची वाट बघत ताटकळलेली दिसत नव्हते म्हणून? मी पुष्कळ विचार केला.

एका दुपारी सर चष्मा विसरले म्हणून परत आले. दारातच थबकले. ती माझ्या पाठीमागे बसून मला पट्टा कसा घसरतो ते समजावून सांगत होती. सर पाच मिनिटं तसेच उभे होते. मग पावलं न वाजवता निघून गेले. चष्मा टेबलावर तसाच राहिला.

मला वाटलं, भला माणूस आहे. पण दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर सर आनंदाने म्हणाले, "अरे, हिला उत्तम बोलता येतं! काल मी माझ्या कानांनी ऐकलं. मशीनशी कशी घडाघडा बोलत होती! चल, आता तसंच आम्हाला सांग. घाबरायचं नाही. हं, बोल."

 बारा जणं तिच्या तोंडाकडे बघत होती. तिने ओठ हलवले, पण आवाजच फुटला नाही. मग तिने पिशवी उचलली आणि ती निघून गेली.

पाच दिवस ती आली नाही. सर रोज मला बिघडवायचे, पण विचारायचे काही नाहीत.

सहाव्या दिवशी दोघी बहिणी आल्या. मोठी रागावलेली होती. "तिची हत्यारं न्यायला आलोय. सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. लहानपणापासून लोक तिला हेच म्हणतात, की तुला येतं, तू मुद्दाम करतेस. तिला किती..."

"ता-ताई," धाकटी म्हणाली. "मी बो... मी बोलते."

मोठी थांबली. मला वाटतं, इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच थांबली असेल.

धाकटीला पुढचं बोलायला वेळ लागला. मध्ये मध्ये मोठे खंड पडत होते. पण तिने सांगितलं ते असं : "एकटी असते तेव्हा मी अडखळत नाही. का, ते मला माहीत नाही. माणूस आला की अडखळते. ते नाटक नाही. तुम्ही ऐकलंत ते माझं खासगी होतं, सर. मला ब-बरं करू नका. फक्त थांबा. माझं वाक्य मला पुरं करू द्या."

सर स्टुलावर बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "मला वाटलं, मी तुला मदत..."  गंमत म्हणजे त्यांचं वाक्य कुणीच पुरं केलं नाही.

त्या दुपारी फळ्यावर नियम लिहिला गेला. दुसऱ्याचं वाक्य पुरं करायचं नाही. जो मोडेल त्याने संध्याकाळी झाडू मारायचा.

पहिले अकरा दिवस सरांनीच झाडू मारला.

रेडिओचे तर फार हाल झाले. थांबताना त्याचा पाय सारखा हलायचा, जणू त्याला कुणी बांधून ठेवलंय. पण हळूहळू एक चमत्कारिक गोष्ट माझ्या लक्षात आली. थांबायचं ठरल्यावर इतर मुलंसुद्धा जास्त बोलू लागली. एक पोरगी तर तीन महिन्यांत पहिल्यांदा म्हणाली, "सर, मला हे समजलेलंच नाही." आजवर तिच्या "सर, मला हे..." नंतर सरांनी नेहमी "समजलं ना? छान!" असं म्हणून टाकलं होतं. आणि रेडिओने एक दिवस धाकटीला विचारलं, "ए, तुला मिस्ड कॉल म्हटलेलं आवडत नाही ना?" ती म्हणाली, "न-नाही आवडत." तो म्हणाला, "मग बंद." एवढंच. माफीबिफी नाही, पण नाव बंद झालं ते झालंच.

वर्गाच्या शेवटी परीक्षेचा दिवस आला. एका सर्व्हिस सेंटरचे साहेब आले. त्यांच्याकडे दोन जागा होत्या. एकेकाला आत बोलवायचं, माझा बिघाड शोधायला लावायचा आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं त्यांना समजावून सांगायला लावायचं, असं ठरलं.

त्या दिवशी सरांनी मला फार बिलंदर आजार दिला होता. पोटात किती पाणी आहे हे मला एका बारीक नळीतून कळतं. सरांनी त्या नळीत साबणाचा घट्ट गाळ भरला होता, आणि एकाची परीक्षा झाली की पुढच्यासाठी तो पुन्हा भरायचे. पाणी केव्हाच निघून गेलेलं, पण मला वाटत राहिलं की आहे. त्यामुळे पंप घूं घूं करत चालूच, आणि मी काही केल्या कपडे पिळायला सुरुवात करीना.

रेडिओ आला. "पंप गेलाय साहेब," त्याने पाच मिनिटांत जाहीर केलं, आणि पंप का जातो, गेल्यावर काय होतं, नवा किती टिकेल, हे इतकं रंगवून सांगितलं की साहेब हसत सुटले. निदान साफ चुकीचं होतं. पण साहेबांनी त्याच्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

मग धाकटी आली. तिने माझ्यावर तळहात ठेवला. पंपाचा आवाज ऐकला. दार उघडून आतला ड्रम कोरडा आहे हे पाहिलं. मग मागे जाऊन थेट ती नळी काढली, फुंकून पाहिली. पंधरा मिनिटं झाली असतील. उठली आणि साहेबांसमोर उभी राहिली.

"सांग," साहेब म्हणाले.

"पं... पं-पं..."

"पंप," साहेब मान हलवत म्हणाले. "पंप गेलाय. ठीक आहे." आणि लिहायला लागले.

सरांचे हात खुर्चीच्या कडेवर घट्ट झाले. 

"थां-थांबा," धाकटी म्हणाली. साहेबांनी वर पाहिलं. "मी 'पं-पंप चांगला आहे' म्हणत होते. तुम्ही च-चुकीचं पुरं केलंत." तिने श्वास घेतला. "बिघाड नळीत आहे. मशीनला वाटतंय पोटात पाणी आहे. पाणी न-नाहीये. पंप बिचारा नसलेलं पाणी ओढतोय. नवा घातला असता तर तुमचं गिऱ्हाईक चार दिवसांत प-परत आलं असतं."

नळी साफ करून तिने ती जागेवर लावली. मला पुन्हा सुरू केलं. मी गरगर फिरले. इतक्या जोरात मी आयुष्यात फिरले नव्हते.

निकाल मात्र लगेच लागला, आणि तो तिच्या बाजूने नव्हता. सगळ्यांना आत बोलवून साहेबांनी रेडिओचं आणि आणखी एकाचं नाव वाचलं. धाकटीला म्हणाले, "मुली, काम एक नंबर. पण गिऱ्हाईक दार उघडतं तेव्हा त्याला हात दिसत नाहीत, तोंड दिसतं. मी तरी काय करू?"

सर काही बोलणार, तेवढ्यात रेडिओ म्हणाला, "साहेब, माझं उत्तर चुकीचं होतं ना?"

"होतं."

"तरी मला घेतलंत."

साहेब पुन्हा यादीत बघू लागले. मग धाकटी बोलू लागली. "तुम्ही जायच्या आधी गिऱ्हाइकाला मे-मेसेज पाठवता. त्यात माझ्यासाठी दोन ओळी टाका. 'येणारी मेकॅनिक अडखळत बोलते. तिला वेळ द्या.' ज्याला नको, तो आधीच न-नाही म्हणेल. दारात नाही म्हटलं की ला-लागतं."

साहेबांनी पेनाचं टोपण दोनदा लावलं, दोनदा काढलं. "एक महिना, तिसरी म्हणून," ते शेवटी म्हणाले. "जमलं तर बघू."

पुढचं मी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलेलं आहे. दर सुट्टीच्या दिवशी ती दुपारी येऊन मला सांगायची. पहिल्या आठवड्यात दोन घरांनी मेसेज वाचूनच दुसरा माणूस मागितला. एका गृहस्थांना ती वर्गणी मागायला आली आहे असं वाटलं आणि त्यांनी दार लावून घेतलं. एका काकूंना ती सांगत होती की मागची चाळणी महिन्याला साफ करा, पण ती "चा... चा..." वर अडली आणि काकू म्हणाल्या, "चहा? आणते हं!" त्या महिन्यात तिने असे चार चहा प्यायले. सांगताना ती खळखळून हसत होती. दोनदा मात्र ती माझ्या पाठीला टेकून नुसती बसून राहिली. काय झालं ते तिने सांगितलं नाही. मीही, अर्थातच, विचारलं नाही.

महिना संपल्यावर साहेबांचा सरांना फोन आला. सर फोनवर ऐकलेलं मोठ्याने परत म्हणणारे, त्यामुळे मला सगळं कळलं. तिने दुरुस्त केलेल्या घरांमधून पुन्हा तक्रारच येत नव्हती. साहेबांनी चौकशी केली, तेव्हा एका गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणे, "ती सावकाश बोलते ना, मग हातातलं काम ठेवून ऐकावं लागतं. ऐकलं, म्हणून लक्षात राहिलं. साबण अर्धाच घालते आता मी."

ती कायम झाली. तिचं अडखळणं गेलं नाही. आजही जात नाही. मेसेजमधल्या दोन ओळी आजही जातात.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. यंदा माझ्या ड्रमचा कणा झिजला. तसा भाग आता बनत नाही. भंगारवाल्याला बोलवायचं ठरत होतं, तेव्हा धाकटी म्हणाली, "न-नको. हिची एक बाजू कापू या. आत काय चालतं ते मुलांना उघडं दिसेल." आता ती आठवड्यातून एक दिवस इथे शिकवते. नव्या वर्गात आठजण आहेत. आज सकाळी तिने खडूने माझ्या उजव्या कुशीवर मोठा चौकोन काढला.

एक नवा पोरगा मागे उभा होता. "ताई, हिला आपण..." म्हणाला आणि लाजून गप्प झाला. "काही नाही."

"काही न-नाही कसं?" ती म्हणाली. "आम्ही थांबलोय."

बाकीचे सातहीजण थांबले. सरसुद्धा थांबले. पोराने घसा खाकरला. "कापल्यावर हिला पुन्हा कधी जोडता येईल का?"

"नाही," ती म्हणाली. तिने माझ्यावर हात ठेवला आणि जरा वेळ घेतला. "हिचं फि-फिरणं संपलं. पण शिकवणं संपलेलं नाही."

तर मंडळी, माझं मागणं छोटंसं आहे. उद्या तुमच्या दारात कुणी तरुण पोर हत्यारांची पिशवी घेऊन उभं राहील. आपण कोण, कशाला आलो, हे सांगायला त्याला कदाचित वेळ लागेल. तेव्हा त्याच्या मदतीला धावू नका आणि दारही लावू नका. हात दाराच्या कडीवर ठेवा आणि नुसते उभे राहा. त्याला काय म्हणायचंय हे तुम्हाला आधीच कळलं आहे असं वाटेल. बहुतेक वेळा ते कळलेलं नसतं.

कापायची मशीन जोडलीय. सर चष्मा पुसतायत, पोरं जवळ सरकलीत, धाकटी सगळ्यांना दोन पावलं मागे व्हायला सांगतेय. सतरा-अठरा वर्षं मी माणसांच्या आत काय असतं, त्याचाच विचार करत आले. माझ्या स्वतःच्या आत उजेडात कसं दिसतं, ते मला कधी बघायला मिळालं नाही. बघू या तरी, काय काय आहे ते.